वरवंट्याची कुंची

भोर
रविवार, १४ एप्रिल

प्रिय रत्ना,

तुला माझा सलाम. हे पत्र घेऊन आलेल्या गोरख ड्रायव्हरला आधी पाणी दे, मग पुढचं वाच.

तुझ्या पासलीत रेंज नाही. तू फोनसाठी टेकाडावर चढणार आणि तिथून ओरडणार, म्हणजे आपलं बोलणं सगळ्या गावानं ऐकायचं. त्यापेक्षा ही टपालगाडी बरी. पुण्याच्या सोनिया मॅडमनी ही रविवारची सहल काढली, तेव्हा मला वाटलं, दोन खोल्यांचं आमचं संग्रहालय बघायला कोण तडमडत येणार? पण आज चक्क बस भरून माणसं आली. सकाळी माझ्याकडे जुन्या वस्तू बघायच्या आणि दुपारी तुझ्या शेतावर जेवायचं. शाळेत आपण एका बाकावर बसायचो, आता एका तिकिटावर बसलोय.

तू एकदाच आली होतीस, म्हणून सांगते. जुना जकात नाका आता छान रंगवलाय. गुजर सरांनी निवृत्तीनंतर गावोगाव हिंडून गोळा केलेल्या वस्तू तिथं मांडल्यात. तिकीट फाडणं, धूळ पुसणं आणि माहिती सांगणं, तिन्ही खाती माझ्याकडे. आज एका बाईंनी चिपटं हातात घेऊन विचारलं, "ह्यातून काय प्यायचे?" म्हटलं, "बाई, ह्यात धान्य मोजायचे." एका गृहस्थांनी इरलं उलटं घालून फोटो काढला. मी तसंच घालू दिलं, पाऊस त्यांच्यावर पडणार नव्हता.

सगळ्यात जास्त गर्दी तू दिलेल्या पाळण्याशी असते. खाली पाटीवर तुझं नाव आहे. पोरं पाळणा हलवतात, आया फोटो काढतात. तुझं नाव रोज शंभरदा वाचलं जातं, आणखी काय पाहिजे?

उत्तर गोरखकडे दे. तो परतताना भोरला येत नाही, म्हणजे पुढच्या रविवारी मिळेल.

तुझी,
सुगरा


पासली
रविवार, २१ एप्रिल

सुगरे,

गोरख पाणी प्यायला, वर दोन भाकऱ्या आणि ठेचाही खाल्ला. तू पाठवलेली माणसं जेवतात मात्र चांगली. एक बाई मला म्हणाली, "त्या संग्रहालयातल्या बाई फार कडक आहेत." मी म्हटलं, "ती शाळेत असल्यापासून तशीच हाय."

आता जे सांगायचंय ते सांगते. अश्विनीला दिवस गेलेत. माझ्या कुमारच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. किती देव झाले, किती दवाखाने झाले, तुला सगळं ठाऊक आहे. मी आशाच सोडली होती. माळ्यावरचा पाळणा बघवत नव्हता, म्हणून तर तुमच्या सरांना देऊन टाकला. आता तिसरा संपून चौथा लागलाय. कुमार शेतात एकटाच हसत हिंडतो. गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही, फक्त तुला सांगते.

आणि सुगरे, मागच्या रविवारी एक पोरगी जेवता जेवता मोबाईल पुढं करून म्हणाली, "आजी, हा बघा तुमचा पाळणा, मी किती जोरात हलवला!" पाळणा रिकामा आणि नुसता हेलकावे खातोय. मी हातातली परात खाली ठेवली. रिकामा पाळणा हलवू नये, पोटातल्या जिवाला भोवतं, हे आपल्याला दोघींच्याही आयांनी सांगितलंय. तू कशी गप्प बसलीस गं? पण तुला तरी काय माहीत होतं म्हणा.

पाळणा परत मागावा असं मनात आलं. पण एकदा दिलेली वस्तू मागू नये, आणि मूल जन्मायच्या आधी पाळणा घरात आणत नाहीत. म्हणून तू एक कर. तुमच्याकडे पाटा-वरवंटा मांडलाय ना? बारशाला निजवतो तसा तो वरवंटा कुंची घालून पाळण्यात निजव. म्हणजे पाळणा रिकामा राहणार नाही. मग हलवेना का कुणी.

एवढं माझ्यासाठी कर. हसू नकोस.

रत्ना


भोर
रविवार, ५ मे

रत्ना,

तुझं पत्र मागच्या रविवारी मिळालं आणि मी तिकिटाच्या टेबलाशीच रडायला लागले. समोरचे गृहस्थ घाबरले. मी त्यांना म्हटलं, "आनंदाची बातमी आहे, तुम्ही आत जा." अश्विनीला माझा आशीर्वाद सांग. नको, सांगू नको, तू कुणाला सांगितलेलं नाहीस ना. मनातल्या मनात दे.

मी हसले नाही. माझ्या अम्मीनंही माझ्या पोरांच्या पाळण्यात वरवंटा निजवला होता. सासरे खोलीत आले की ती त्याच्यावर दुपटं ओढायची, कारण त्यांना असलं काही पटायचं नाही. ते गेले की दुपटं बाजूला.

तर ऐक. माझ्या लेकीच्या, गुलफशाच्या लहानपणीचं खणाचं झबलं मी अजून ठेवलेलं होतं. त्याची कुंची शिवली. वरवंट्याला ती बरोबर बसली, डोकं मात्र तुझ्या कुमारसारखं लांबडं दिसतं. खाली मऊ दुपटं घातलं आणि त्याला निजवला. गुजर सर आले, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "सुगराबाई, वस्तू आपल्या जागी पाहिजे. वरवंटा पाट्यावर." मी म्हटलं, "सर, बारशाला त्याची जागा हीच असते." मग त्यांनी स्वतःच पाटी लिहून आणली: "गोप्या. बारशाच्या वेळी वरवंटा पाळण्यात निजवतात." आता पाहुणे आधी पाटी वाचतात, मग त्याचा फोटो काढतात.

पोरं उचलून घेतील म्हणून दोन्ही बाजूंनी कापडाच्या पट्टीनं बांधलाय. चांगली निरगाठ मारली आहे, माझी मला सुटणार नाही. आता पाळणा कितीही हलू दे. तू निश्चिंत राहा आणि सुनेला जड उचलू देऊ नकोस.

सुगरा


पासली
रविवार, ७ जुलै

सुगरे,

मध्ये पत्र लिहायला झालं नाही. पेरणी, रोपं, त्यात दर रविवारी पाहुणे. अश्विनीला आता सातवा लागेल. डोहाळजेवण गुरुवारी, २५ तारखेला करतेय. रविवारी करता येत नाही, आपल्या दोघींचाही धंदा त्याच दिवशी. गुरुवारी संग्रहालय बंद असतं, म्हणजे तुला कारण नाही. वेल्ह्याहून पुढची एसटी दहाला आहे. तू आली नाहीस तर मी ओटी भरणारच नाही.

गेल्या रविवारी चाळीस जण आले होते. सगळ्यांना भाताची लावणी करून बघायची हौस. माझे गुडघे चिखलात उतरत नाहीत आणि कुमार वरच्या खाचरात होता. मी अश्विनीला म्हटलं, तू बांधावर उभी राहून दाखव, रोप कसं धरायचं, अंगठ्यानं कसं दाबायचं. पाहुण्यांना काही जमेना, रोपं तरंगायला लागली. मग तीच हळूच खाली उतरली. मी तिला थांबवलं नाही. खरं सांगू, बघायला बरं वाटत होतं. पाठीवर इरलं, पोट सांभाळत वाकलेली, आणि पुण्याच्या बायका तिच्या मागं मागं पावलं टाकताहेत. मला वाटलं, माझं घर आता भरलं.

येताना तुझ्या हातचा शीरखुर्मा आण. तिला गोड खावंसं वाटतं.

रत्ना


भोर
रविवार, १४ जुलै

रत्ना,

येते म्हणजे येतेच. शीरखुर्मा आणते आणि हिरव्या बांगड्याही. तिच्या हाताचं माप पाठव म्हणणार होते, पण आता वेळ नाही, अंदाजानं घेते. गोप्या मजेत आहे. काल एका आजीबाईंनी त्याच्यापुढं रुपया ठेवला आणि "औक्षवंत हो" म्हणाल्या. मी हसले नाही, मीही "आमीन" म्हटलं.

सुगरा


भोर
रविवार, २८ जुलै

रत्ना,

मी गुरुवारी आले होते. घराला कुलूप होतं. आधी वाटलं, मीच दिवस चुकले. ओटीवर बसून राहिले, डबा मांडीवर. मग शेजारच्या बाळाबाई आल्या. मला म्हणाल्या, "समदी पुण्याला गेल्याती. सूनबाईला दवाखान्यात न्हेलंय." मी विचारलं, "कधी? कशानं?" तर म्हणाल्या, "मला न्हाई ठावं," आणि आत निघून गेल्या. त्यांना ठाऊक होतं, रत्ना. ज्याला ठाऊक नसतं तो उभा राहून गप्पा मारतो.

आज गोरख सांगत होता की मागच्या रविवारी जेवण तुझ्याकडेच झालं, आजचं मात्र वेल्ह्यातल्या ढाब्यावर आहे. तरी हे पत्र तो तुझ्या घरी टाकून येणार आहे. तुझा फोन लागत नाही, कुमार उचलत नाही. नुसता एक शब्द लिही. मी इथं वस्तूंची माहिती सांगते आणि मध्येच विसरते की कशाबद्दल बोलत होते.

सुगरा


पासली
रविवार, ११ ऑगस्ट

सुगरा,

गेलं. मुलगा होता. मंगळवारी पोट हलेना, पुण्याला नेईपर्यंत सगळं संपलेलं. डॉक्टर म्हणतात, नाळेला पीळ बसला, कुणाचाच दोष नाही. डॉक्टरांना काय, त्यांना सगळ्यांनाच तसं सांगावं लागतं.

मी बघितला. कुमारचं नाक होतं.

मी तिला सांगितलं होतं, चिखलात उतरू नको. पाहुण्यांपुढं मिरवायचं होतं तिला. नऊ वर्षांनी देवानं दिलं आणि हिनं फोटोपायी घालवलं. मला तिचं तोंड बघवत नाही. तिच्या हातचं पाणी घशाखाली उतरत नाही. तिला शिवऱ्याला माहेरी पाठवलं आहे. कुमार दिवसभर शेतातच असतो. असेना का.

पाहुण्यांचं मात्र करते. भात, आमटी, भाकरी. हात आपले चालत राहतात.

एक विचारते, तेवढंच सांग. तेव्हा पाळण्यात गोप्या होता ना?

रत्ना


भोर
रविवार, २५ ऑगस्ट

माझी रत्ना,

तुझं पत्र गेल्या रविवारी मिळालं. तुझ्यासाठी काय लिहू? मी लिहायला बसते आणि कागद तसाच राहतो. मंगळवारी संग्रहालयाची किल्ली सरांकडे दिली आणि शिवऱ्याला गेले.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. होता. रोज होता. पाच मेपासून त्याला कुणी हलवलेला नाही. मी बांधलेली गाठ तशीच आहे. म्हणजे हे पाळण्यामुळं झालेलं नाही, रत्ना. कुणामुळंच झालेलं नाही.

आता अश्विनीबद्दल लिहिते. रागावलीस तरी वाच. हायवेच्या कडेला तिच्या वडिलांचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत ती बसलेली होती. समोर ताट होतं, भातावर साय आल्यासारखं वाळलेलं. तिची आई म्हणाली, "चार घास खाती न् उठती." मला बघून ती उभी राहिली, पदर सारखा केला, पाणी आणलं. मग एकदम म्हणाली, "काकू, खरं सांगा. माज्यामुळंच झालं का हे?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "आईंना तसं वाटतंया. मग तसंच आसंल." आणि ती रडलीसुद्धा नाही. रडली असती तर मला इतकी भीती वाटली नसती. निघताना तिच्या आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आमी हिला येकटी सोडत न्हाई." कळलं ना, काय म्हणायचंय ते?

रत्ना, माझी पहिली खेप आठव. माझ्या सासूनं सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं की मी ग्रहणात विळीवर बसले म्हणून मूल मेलेलं जन्मलं. वर्षभर मला कुणी कुठं बोलावलं नाही. तेव्हा तू एसटीनं भोरला आलीस, नवी नवरी, हातात चुडा, आणि माझ्या सासूला दारात उभं करून विचारलंस, "तुमी पायलं व्हतं का हिला विळीवर बसल्याली?" तेव्हापासून माझी सासू तुझं नाव काढलं की पाठ फिरवायची. तुझ्या त्या एका वाक्यावर मी जगले आहे. आज त्याच दारात तू उभी आहेस, फक्त आतल्या बाजूला.

तिला घरी आण. तुला तिची गरज आहे, कुमारला आहे. लवकर आण.

सुगरा


पासली
रविवार, १ सप्टेंबर

सुगरा,

तुझं आणि माझं सारखं नाही. तू विळीवर बसली नव्हतीस. ही चिखलात उतरलेली चाळीस माणसांनी बघितली आहे. पाळण्यात गोप्या होता, म्हणजे तिथून काही झालेलं नाही. मग राहिलं कोण? तूच सांग. असं कारणाशिवाय कुणाचं लेकरू जातं का?

मी रात्रंदिवस हाच विचार करते. कुणाचा तरी दोष असल्याशिवाय माझं डोकं शांत होत नाही. दसरा झाला की तिच्या वडिलांना बोलावून घेणार आणि कायमचं काय ते बोलून टाकणार. कुमारचं वय अजून गेलेलं नाही.

तू शिवऱ्याला गेलीस ते मला आवडलं नाही. पुन्हा जाऊ नको. मैत्रीण माझी आहेस.

रत्ना


भोर
रविवार, १५ सप्टेंबर

रत्ना,

आठवडाभर हे पत्र मनात लिहितेय. आता एका दमात लिहून टाकते, नाहीतर लिहिणं होणार नाही.

मागच्या पत्रात मी तुला खोटं सांगितलं. गोप्या पाळण्यात नव्हता.

जुलैच्या सुरुवातीला सरांना पाटा-वरवंट्याचा फोटो हवा होता, पुस्तिकेसाठी. मी पट्टी कापली आणि वरवंटा काढून पाट्यावर ठेवला. फोटो झाला. परत निजवायचं माझ्या डोक्यातून गेलं. एकदा आठवलं, पण म्हटलं, उद्या करू. दोन रविवार पाळणा रिकामा होता आणि बस भरून माणसं आली. पोरांनी हलवला. मी समोर बसून तिकिटं फाडत होते. १४ तारखेच्या पत्रात "गोप्या मजेत आहे" लिहिलं, तेव्हाही तो पाट्यावरच होता. तुझं अकरा ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा मी आधी वरवंटा परत बांधला, आणि मग तुला लिहिलं की होता.

तू मला एकच काम सांगितलं होतंस. तू विचारलंस, राहिलं कोण? मी राहिले.

अश्विनीचा ह्यात काही संबंध नाही. तिला घरी आण. मला काय म्हणायचं ते म्हण, मी ऐकून घेईन.

सुगरा


पासली
रविवार, २२ सप्टेंबर

सुगराबाई,

पत्र वाचलं. कुमारकडून दोनदा वाचून घेतलं, मला वाटलं माझ्या डोळ्यांनीच काहीतरी चुकीचं वाचलं.

तुला एक दगड उचलून ठेवायचा होता. तेवढं नाही झालं तुझ्याच्यानं. आणि वर मला शहाणपण शिकवायला निघालीस, सासूच्या गोष्टी सांगायला. बाळाबाई म्हणाल्या, "त्यांला काय ठावं आपल्या चालीरीती." मी एवढी वर्षं असं कुणाला म्हणू दिलं नव्हतं. ह्या वेळी मी गप्प बसले.

सोनिया मॅडमना सांगितलं आहे, ज्या बसनं त्या संग्रहालयात माणसं जातात ती माझ्या दारात येऊ नये. त्यांनी काय ते ठरवावं.

हे माझं शेवटचं पत्र. उत्तर पाठवू नको, मी गोरखकडून घेणार नाही.

रत्नाबाई


पासली
रविवार, २० ऑक्टोबर

सुगराकाकूंना अश्विनीचा नमस्कार.

हे पत्र वेल्ह्याच्या पोस्टातून टाकते. बस आता भोरला येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मॅडमनी सकाळसाठी दुसरी जागा शोधली. तुमच्याकडे रविवारी माणसं येतात का?

मी घरी आहे. दसऱ्याच्या आधीच आई स्वतः शिवऱ्याला आल्या, एसटीनं, एकट्या. मी दारात गेले तर त्यांनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, "चल पोरी घरला. तुजा दोष न्हाई. म्या चुकले." मग दोघी खूप रडलो. माझं रडू तोपर्यंत बाहेरच पडलं नव्हतं. आता त्या माझ्या हातचं जेवतात. रात्री पाय चेपू म्हटलं तर नको म्हणतात, मलाच जवळ झोपवतात. हे परत हसायला लागलेत, थोडे थोडे. कापणी सुरू झाली आहे.

काकू, मी एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. जुलैत बुधवारी, दहा तारखेला, मी तपासणीला भोरला आले होते. परत जाताना यांना म्हटलं, मला तो गोप्या बघायचाय. तुम्ही जेवायला घरी गेला होता. सरांनी दार उघडून दिलं आणि हे बाहेर गाडीपाशी थांबले. गोप्या पाळण्यात होता. हिरवी कुंची, दोन्ही बाजूंनी पट्टी. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. गाठसुद्धा बघितली, कापलेली नव्हती, जुनी होऊन धूळ बसलेली.

आईंनी मला तुमचं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा मला लगेच कळलं. मी तोंड उघडलं होतं, काकू. "आई, तसं नाही," एवढं ओठांपर्यंत आलं होतं. पण त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. तो हात निघून गेला असता. मी गप्प बसले, आणि अजून गप्पच आहे.

त्या तुमच्याबद्दल फार वाईट बोलतात. मी ऐकते आणि मान खाली घालते. मला माहीत आहे, मी सांगायला पाहिजे. मी सांगेन. फक्त मला थोडे दिवस द्या. मला थोडं बळ येऊ द्या.

उत्तर द्यायचं झालं तर शिवऱ्याला वडिलांच्या पत्त्यावर पाठवा. दिवाळीला मी तिथं असेन.

तुमची,
अश्विनी


भोर
रविवार, २७ ऑक्टोबर

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

तू त्या दिवशी येऊन गेलीस हे सरांनी मला सांगितलं नाही. त्यांच्या लक्षातही नसेल. बरं झालं तू आलीस. त्याच्यावरून कुणाच्या तरी मायेचा हात फिरला.

थोडे दिवस मागतेस? सगळे घे. सांगायचं नाही, आत्ताही नाही आणि नंतरही नाही. तुझं मूल पुन्हा होईल तेव्हा तुला वाटेल की आता सांगून टाकू, आता कुणाचं काय बिघडतंय. तेव्हाही नाही.

तुझ्या सासूला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते, म्हणून तुला एकच सांगते, आणि हे मनात ठेव. लावणीच्या दिवशी "बांधावर उभी राहून दाखव" असं तिनंच तुला म्हटलं होतं. तू खाली उतरलीस तेव्हा थांबवलंही नाही, हे मला तिनंच लिहिलं होतं, हौसेनं. नंतरच्या पत्रात तिनं लिहिलं की मी चिखलात उतरू नको म्हटलं होतं. ती खोटारडी नाही गं. तिला ते सोसत नव्हतं. तिनं तुझ्यावर टाकलं नसतं तर स्वतःवर घेतलं असतं, आणि मग तुझी आई तुला एकटी सोडत नव्हती तसं आम्हाला तिला एकटी सोडता आलं नसतं. मी कुठं तुझ्या एकटीसाठी ते पत्र लिहिलं?

इथं रविवारी आता शांतता असते. सरांना वाटतं, दिवाळीनंतर शाळांच्या सहली येतील. तिकिटांचा गठ्ठा तसाच आहे. मी माझी धूळ पुसते. गोरखनं एकदा फोन केला होता. म्हणाला, "काकी, काय द्यायचं आसंल तर सांगा, मी पोचवतो." मी म्हटलं, काही नाही. मग उगाच विचारलं की रत्नाबाईंचा आवाज कसा आहे, बसलाय का, थंडीत तिचा बसतो. तो म्हणाला, "न्हाई, चांगला खणखणीत हाय. तुमालाच शिव्या देत व्हत्या."

तेव्हा तू मान खाली घालू नकोस, पोरी. ती माझ्याबद्दल बोलायला लागली की तिच्याजवळ बस आणि तिच्या बाजूनं बोल. कमी पडलं तर दोन शब्द तूही घाल. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याशिवाय कुणाशी भांडण केलेलं नाही, दुसऱ्या कुणाशी तिला जमायचंही नाही.

सुगराकाकू